पायाखालचा उजेड

शनिवार, ७ जानेवारी २०१२. सकाळचे सात वाजून एकवीस मिनिटं.

मेतोद हुडाक हा एकोणतीस वर्षांचा, चालण्याच्या शर्यतीतला खेळाडू खाणीच्या रस्त्यावरून उतरत होता. नववं वळण. त्याच्या मागे पाच पावलांवर त्याच्या बहिणीचा नवरा होता, ब्लाजेय.

ब्लाजेयने एकदा मान मागे वळवली.

पुन्हा पुढे पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता...

त्यानंतर मेतोद कुणालाही दिसलेला नाही.

कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण तारखा, वेळा आणि बर्फावरची मापं मी पोलिसांच्या कागदांशी ताडून पाहिली आहेत. ती जुळतात. बाकीचं सगळं ब्लाजेयने मला एकोणीस पानांवर लिहून दिलं. तोंडी का सांगितलं नाही, ते पुढे येईलच.

आमचं गाव स्लोव्हाकियाच्या मधोमध, डोंगरांच्या बेचक्यात आहे. गावात एक सॉ मिल, एक चर्च, दोन खानावळी आणि चालण्याच्या शर्यतीचा एक जुना क्लब. सॉ मिलपासून बंद पडलेल्या खाणीपर्यंत पाच किलोमीटरचा चढ आहे. चौदा वळणं. खालून मोजायची. हिवाळ्यात तिथे गाडी जात नाही.

नवव्या वळणावर झरा आहे. साखळीला बांधलेला पत्र्याचा मग आहे. वारा असला की तो दगडावर वाजतो.

पन्नास किलोमीटर चालायचं असेल तर पाय याच रस्त्यावर तयार होतात. चढताना मांड्या आणि कंबर कसली जाते. उतरताना वेग येतो.

आणि उतरतानाच घात होतो.

या शर्यतीचे नियम दोनच. पुढचा पाय टेकला की गुडघा ताठ हवा. आणि एक पाय कायम जमिनीवर हवा. दोन्ही पाय एकाच क्षणी हवेत गेले आणि पंचाच्या साध्या डोळ्यांना ते दिसलं की लाल कार्ड. तीन पंचांची तीन कार्डं पडली की शर्यत संपली.

गंमत अशी की चालणाऱ्याला हे स्वतःला कळत नाही. त्याला शपथेवर वाटत असतं की आपला पाय जमिनीवरच आहे.

म्हणून क्लबचे म्हातारे प्रशिक्षक इम्रिखकाका यांनी तीस वर्षांपूर्वी एक रीत घालून दिली. डोंगरावर एकट्याने जायचं नाही. एक पुढे, एक मागे. मागच्याने पुढच्याच्या पायांवर नजर ठेवायची. चढावर गुडघा वाकला तर हाक द्यायची, "गुडघा." उतारावर दोन्ही बुटांखाली फट दिसली तर हाक द्यायची, "उजेड."

बस. एवढंच.

दिसलं आणि बोलला नाही, तर तो मागचा नव्हे. स्वतःचा उजेड स्वतःला दिसत नाही, असं काका म्हणत. क्लबातल्या पोराटोरांनाही ते पाठ होतं.

२०१०-११च्या हिवाळ्यात ब्लाजेयच्या मागे मेतोद होता.

ब्लाजेय तेव्हा छत्तीस वर्षांचा. सॉ मिलमध्ये कामाला. पुढच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघात एकच जागा उरली होती. निवड मार्चमध्ये होती. या वयाला पुढची संधी नसते. तीन वर्षं त्याने सुट्टीचे दिवस, सण, झोप, सगळं त्या एका जागेवर लावलं होतं. मेतोदलाही तीच जागा हवी होती, पण त्याच्यापुढे अजून दहा वर्षं होती. निदान ब्लाजेय तसं धरून चालला होता.

दोघांचं जमायचं. मेतोद त्याला दाजी म्हणायचा, आणि थट्टा करताना तर जास्तच आदराने. या चालीत कंबर डावी-उजवीकडे हलते, त्यामुळे लाकडाच्या ट्रकवाले हमखास काहीतरी ओरडायचे. एकदा एकाने काच खाली करून विचारलं, एवढी घाईची लागली असेल तर झाडामागे का जात नाही? मेतोदने लगेच उत्तर दिलं, "आमच्या दाजींना तुमच्या गाडीतच बसायचं होतं. पण तुमची गाडी फार हळू जाते."

ब्लाजेय त्या आठवणीने अजूनही हसतो. आवाज न करता.

त्या हिवाळ्यात इम्रिखकाकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते डोंगरावर येऊ शकत नव्हते. म्हणजे ब्लाजेयच्या पायांवर एकच नजर होती.

डिसेंबरमध्ये मेतोद रोज दोन-चार हाका द्यायचा.

जानेवारीपासून त्या थांबल्या...

आठवडा गेला. महिना गेला. उतारावर ब्लाजेय अधिकाधिक वेगाने उतरत होता आणि मागून अवाक्षर येत नव्हतं. फक्त मेतोदच्या पावलांचा आवाज यायचा. ब्लाजेयला वाटलं, चाल अखेर बसली. त्याने घरी बायकोला, म्हणजे मेतोदच्या बहिणीला, एतेलाला अभिमानाने सांगितलं, दोन महिन्यांत एक हाक नाही.

एतेला सूप वाढत होती. तिने वाढणं चालू ठेवलं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी निवडीची शर्यत झाली. एकोणिसाव्या किलोमीटरला पहिलं लाल कार्ड. तेहतिसाव्याला दुसरं. एकेचाळिसाव्याला मुख्य पंच त्याच्यासमोर लाल पाटी धरून उभे राहिले. तिन्ही कार्डं एकाच कारणासाठी होती. दोन्ही पाय हवेत.

ब्लाजेय रस्त्याच्या कडेला बसला आणि छातीवरचा नंबर सोडायला लागला. बोटं थंडीने वळत नव्हती. तेवढ्यात मेतोद त्याच्या समोरून गेला. दोन हातांवरून. त्याने मान वळवली नाही.

जागा मेतोदला मिळाली.

संध्याकाळी तो घरी आला, ब्लाजेयच्या शेजारी बसला, पंचांना नावं ठेवली. दाजी, आज त्यांचे डोळेच फिरले होते, असं म्हणाला. ब्लाजेयचा त्यावर विश्वास बसला. इतका बसला की एप्रिलमध्ये त्याने आपले डोंगरावरचे बूटही मेतोदला देऊन टाकले. गावच्या चांभाराने त्या बुटांच्या टाचांना टायरचे तुकडे लावून दिले होते. दोघांचं माप एकच होतं. मला आता डोंगर नको, असं ब्लाजेय म्हणाला.

मेतोद त्या उन्हाळ्यात स्पर्धेला गेला. एकतिसावा आला. मग शरद ऋतूत दक्षिणेकडच्या एका शिबिराला गेला, सहाशे किलोमीटर लांब.

इकडे ब्लाजेयला घरात बसवेना. मार्चमध्ये पुन्हा एक निवड होती. शेवटची एक खेप, असं त्याने स्वतःला बजावलं, कुणाला न सांगता नवे बूट घेतले आणि एकटाच डोंगरावर जायला लागला. रीत मोडली. पण मागे यायला होतंच कोण?

मंगळवार, १८ ऑक्टोबर २०११. सकाळचे सात वाजायला दहा मिनिटं.

धुकं होतं. रस्त्यावर ओली पानं. तो खाणीपर्यंत चढून गेला, वळला आणि उतरायला लागला. चौदावं वळण. तेरावं. बारावं. पायांना वेग आला.

अकराव्या वळणावर मागून आवाज आला...

"दाजी, उजेड."

ब्लाजेय थांबला.

त्याच्या पानांवर हे वाक्य अधोरेखित आहे: मला आधी आनंद झाला. त्याला वाटलं, मेतोद शिबिरातून परत आला आणि गुपचूप मागे लागला. आता हसेल, टोमणा मारेल.

तो वळला.

मागे धुकं होतं. ओल्या पानांवर एकच रांग होती पावलांची. त्याच्या स्वतःच्या.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं... आवाज आला होता, पण त्याआधी पावलं वाजली नव्हती. मागचा माणूस कधी नि:शब्द असू शकतो. नि:पावल नसतो.

घरी येऊन त्याने एतेलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, मेतोद कुठे आहे. ती म्हणाली, शिबिरात, कुठे असणार? काल रात्रीच फोन होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. अकराव्या वळणावर तोच आवाज. नवव्यावर पुन्हा. चौथ्यावर पुन्हा. मागून, पाच पावलांवरून. रागाचा नाही, थट्टेचा नाही. कामाचा आवाज. ज्या सपाट सुरात मेतोद डिसेंबरमध्ये हाका द्यायचा, त्याच सुरात.

"दाजी, उजेड."

ब्लाजेय भित्रा नाही. वीस वर्षं त्याने करवतीच्या पात्याशेजारी काढली आहेत. त्याने शनिवारी इम्रिखकाकांकडून कॅमेरा मागून आणला, नवव्या वळणावर झऱ्याच्या दगडावर जमिनीलगत ठेवला, चालू केला, वर गेला आणि उतरला.

नवव्यावर आवाज आला. तो थांबला, वळला. कुणी नव्हतं.

ते चित्रीकरण काकांच्या स्वयंपाकघरात दोघांनी पाहिलं. एकेक चित्र थांबवून. काकांनी पडद्यावर दोन बोटं आडवी ठेवली. ब्लाजेयच्या दोन्ही बुटांखाली बरोबर तेवढी फट होती. फटीतून पलीकडची पानं दिसत होती.

आवाजाने खोटं सांगितलं नव्हतं.

पण चित्रीकरणात तो आवाजच नव्हता. पत्र्याचा मग वाजत होता, बूट वाजत होते. मधेच ब्लाजेय थांबत होता आणि रिकाम्या रस्त्याकडे वळून पाहत होता. काकांनी विचारलं, तू बघतोयस कुणाकडे?

ब्लाजेयने चित्रीकरण पुन्हा मागे नेलं.

काकांनी कॅमेरा बंद केला. "ही सवय आठवड्याभराची नाही, ब्लाजेय. वर्षभर मुरलेली आहे. गेल्या हिवाळ्यात तुझ्या मागे कोण होतं?"

ते त्यांना ठाऊक होतं. ब्लाजेयलाही ठाऊक होतं.

घरी जाताना तो चर्चच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला. त्याला हाका आठवत नव्हत्या. हाका नसलेले दिवस आठवत होते. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. रोज पाच किलोमीटर उतार, रोज मागे दोन डोळे. त्या डोळ्यांना दिसत होतं. आणि तोंड मिटलेलं होतं.

शिवी दिली असती तर चाललं असतं. पाय घालून पाडलं असतं तरी चाललं असतं. मेतोदने काहीच केलं नव्हतं. फक्त गप्प राहिला होता.

घरी त्याने एतेलाला चित्रीकरणाचं सांगितलं. आवाजाचं सांगितलं नाही. ती ताटं विसळत होती. पाठमोरी.

"मला फेब्रुवारीतच बोलला होता तो," ती म्हणाली.

नळ चालू होता.

"मला वाटलं, एकदाचा हरलास की घरी येशील."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि दोघं जेवायला बसले. त्या घरात पुन्हा कधी या विषयावर बोलणं झालं नाही.

यानंतर ब्लाजेयने डोंगर सोडायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तो रोज जात राहिला. कारण त्याने एका ओळीत लिहिलं आहे: घरातली दोन माणसं गप्प राहिली होती, खरं सांगत होता तो फक्त मागचा आवाज. त्या आवाजाच्या हाकेसरशी तो पाऊल आखडायचा, टाच लवकर टेकवायचा. नोव्हेंबरात हाका कमी झाल्या. डिसेंबरच्या मध्यावर पूर्ण उतारात एखादीच.

एक गोष्ट त्याला खटकत होती. मेतोद हल्ली फोन करत नाही, नुसते मेसेज पाठवतो, असं एतेला म्हणायची.

मेतोद नाताळच्या आदल्या संध्याकाळी आला. आमच्याकडे त्या रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. न कळवता कुणी आलं तर त्याच्यासाठी. मेतोद त्या ताटावर बसला. एतेलाने सगळ्यांच्या कपाळावर मधाने क्रूस काढला. आंबट कोबीचं सूप झालं, मासा झाला.

मेतोद बोलत नव्हता. कुजबुजत होता.

आवाज गेलाय, एतेला म्हणाली. डॉक्टरांना घशात काही सापडत नाही.

ब्लाजेयने काटा खाली ठेवला आणि विचारलं, कधीपासून?

मेतोदने ओठ हलवले. टेबलाच्या पलीकडून ते जेमतेम ऐकू आलं.

"अठरा ऑक्टोबर. सकाळी उठलो... आणि आवाजच नाही."

कुणीतरी सूप पुन्हा वाढलं. ब्लाजेयने ते खाल्लं की नाही, त्याला आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात मेतोद इम्रिखकाकांकडे गेला. मार्चसाठी उतारावर मागे कुणीतरी हवं होतं. काकांनी त्याला घरात घेतलं, चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. क्लबातल्या आणखी दोघांनी निमित्तं काढली. लहान गावात गोष्टी कळायला कुणी सांगावं लागत नाही.

मग ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, तो ब्लाजेयच्या दारात उभा राहिला. सणाच्या रिवाजाने चौकटीवर खडूने लिहिलेलं नवं साल अजून ताजं होतं. त्याने कुजबुजत विचारलं, उद्या साडेसहाच्या आधी येता का? मी पुढे, तुम्ही मागे.

ब्लाजेय हो म्हणाला. का, याचं उत्तर त्या एकोणीस पानांत नाही. तिथे एक ओळ लिहून खोडलेली आहे.

७ जानेवारी. रात्री बर्फ पडून थांबला होता. रस्त्यावर तीन बोटं कोरा थर. वारा नव्हता.

सॉ मिलच्या फाटकाशी मेतोद वाट पाहत होता. पायात ब्लाजेयचे जुने बूट. टाचेला टायरचा तुकडा असलेले.

मेतोद पुढे चढला, ब्लाजेय मागे. खाणीच्या दारापाशी दोघं थांबले. उजाडायला लागलं होतं. ब्लाजेयने तिथे विचारलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. "गेल्या हिवाळ्यात तुला दिसत होतं?"

मेतोदने मान हलवली. हो.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." त्याच्या तोंडातून आवाजापेक्षा वाफच जास्त आली. मग त्याने बुटाची नाडी घट्ट केली आणि वर पाहिलं. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत, दाजी."

विचारावं लागत नाही, हीच तर रीत होती.

मेतोद उतरायला लागला. ब्लाजेय मागे. पाच पावलं.

तेरावं वळण. चाल स्वच्छ होती.

बाराव्यावर ब्लाजेयला उजेड दिसला... मेतोदच्या बुटांखाली एक बोटभर. पांढऱ्या बर्फावर निळसर फट.

त्याने तोंड उघडलं. हवा आत घेतली.

आणि तोंड मिटलं.

मेतोदने विचारलं नव्हतं.

अकरावं वळण. दोन बोटं.

मेतोदच्या पावलांचा आवाज विरळ व्हायला लागला होता. टक, टक, टक असा एकसारखा येणारा ठेका मधेमधे तुटत होता. जणू एखादं पाऊल पडायचं राहून जात होतं.

दहावं वळण. वीतभर.

हे शक्य नाही, हे ब्लाजेयला तेव्हाही कळत होतं. चालणारा माणूस वीतभर उचलला जात नाही. मेतोदची कंबर तशीच डुलत होती, हात तसेच मागेपुढे होत होते, खांदे सैल होते. त्याला स्वतःला काही जाणवत नव्हतं. त्याला शपथेवर वाटत असणार, आपला पाय जमिनीवरच आहे.

एक शब्द पुरेसा होता. ब्लाजेयच्या जिभेवर तो होता.

त्याने तो गिळला.

नववं वळण.

वारा नव्हता. तरी पत्र्याचा मग वाजला...

आणि ब्लाजेयच्या मागून, पाच पावलांवरून, तोच सपाट आवाज आला. भरदार. मेतोदचा. जो मेतोदकडे अडीच महिने नव्हता.

"दाजी, उजेड."

ब्लाजेयने मान मागे वळवली. रस्ता कोरा होता.

मान पुढे आणली. रस्ता कोरा होता.

पत्र्याचा मग साखळीवर झुलत होता.

सात वाजून एकवीस मिनिटं. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात ती वेळ थांबवलेली आहे. घड्याळ आपण कधी थांबवलं, हे त्याला सांगता येत नाही.

दुपारपर्यंत पोलीस आले, डोंगरी बचाव पथक आलं, कुत्री आली. त्यानंतर बर्फ पडला नाही, म्हणून ठसे शाबूत होते. पोलिसांच्या कागदात लिहिलं आहे ते असं. उतरणाऱ्या पावलांच्या रांगा दोन. पुढच्या रांगेत टाचेला टायरच्या तुकड्याची खूण. त्या रांगेतलं दोन ठशांमधलं अंतर सुरुवातीला एक मीटर बारा सेंटिमीटर. बाराव्या वळणानंतर एक मीटर एकतीस. दहाव्यानंतर एक मीटर ऐंशी. नवव्यावर दोन मीटर पासष्ट.

मग एक ठसा. उजव्या पायाचा. फक्त चवडा.

त्यापुढे कोरा बर्फ. डावीकडे कोरा, उजवीकडे कोरा, दरीच्या कठड्यावरचा थरसुद्धा न मोडलेला.

दोन्ही कुत्री त्या ठशापाशी जाऊन बसली आणि वर पाहायला लागली. हे कागदात नाही. हे मला पथकातल्या एका माणसाने सांगितलं, आणि त्याचं नाव न घेण्याच्या अटीवर.

ब्लाजेयला दोनदा चौकशीला बोलावलं. संशय धरायला पुरावा नव्हता, सोडायलाही नव्हता. शोध फेब्रुवारीत थांबवण्यात आला.

इम्रिखकाकांनी त्याला एकच प्रश्न विचारला. हाक दिली होतीस का?

ब्लाजेय नाही म्हणाला. काकांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

मार्चच्या निवडीला ब्लाजेयने नाव दिलं नाही. त्या दिवशी, शनिवार २४ मार्चला, काका काठी टेकत नवव्या वळणापर्यंत चढून गेले. मेतोदसाठी काचेच्या पेल्यातली मेणबत्ती ठेवायची होती. काडी पेटवली, तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं.

"मेतोद, उजेड."

तो ब्लाजेयचा आवाज होता. काकांनी वीस वर्षं ऐकलेला. त्यांनी वळून पाहिलं. वर रस्ता मोकळा होता, खाली रस्ता मोकळा होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून एकवीस मिनिटं.

त्या वेळी ब्लाजेय सॉ मिलमध्ये होता. हजेरीच्या कार्डावर सहाचा शिक्का आहे. करवतीपाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला तो ओंडका जरा डावीकडे सरकवायला सांगत होता. सहकारी म्हणतो, वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्याला वाटलं, करवतीच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही.

पण पुढचं नव्हतंच.

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. मला एकोणीस पानं लिहून मिळाली, ती म्हणूनच.

मेतोदचा आवाज डोंगरावर पुन्हा कुणी ऐकलेला नाही. ब्लाजेयचा ऐकणारे आता तिघं आहेत. बाराव्या वळणावर, अकराव्यावर, दहाव्यावर, नवव्यावर. ब्लाजेय स्वतः तिकडे जात नाही.

मागच्या शुक्रवारी, २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, काका पुन्हा मेणबत्ती घेऊन गेले. ती न लावताच खाली आले. ब्लाजेयचा आवाज त्यांना अपेक्षित होता. तो आला. पण त्यानंतर, त्याच्याही मागून, आणखी एक आवाज आला. हळू. बाईचा.

"ब्लाजेय, उजेड..."

काकांनी हे ब्लाजेयच्या घरी सांगितलेलं नाही.

काल मी त्यांच्याकडे पानं परत द्यायला गेले होते. ब्लाजेय मिलमध्ये होता. दार एतेलाने उघडलं. गळ्याभोवती लोकरीचा रुमाल होता. मी विचारलं, काय झालं?

तिने फ्रीजवरची चिठ्ठी ओढून त्यावर पेन्सिलीने लिहून दाखवलं. शुक्रवारपासून घसा बसलाय. थंडीने असेल.